आरएस 500: नोंदीतला आकडा म्हणजे उरलेल्या गाड्या नव्हेत

परवा रात्री भाच्याचा फोन. तो ब्रिटनमध्ये नोकरीला आहे आणि फोर्ड सिएरा आरएस 500 कॉसवर्थचं वेड त्याला शाळेपासून. ही फोर्डची वेगवान गाडी, बनली पाचशेच. "मामा, पाचशेतल्या शंभरही उरल्या नाहीत, सरकारी आकडा आहे. उद्या टोकन देतोय." पाठोपाठ त्याने तोच मेसेज पाठवला, जो माझ्याकडे आधी तीनदा येऊन गेला होता: रोड टॅक्स भरलेल्या मोजक्याच आहेत, म्हणजे बाकीच्या भंगारात गेल्या. बऱ्याच शर्यतींत संपल्या. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, आरएस 500 लिहिलंय ना, मग गाडी अस्सल. मिळेल त्या किमतीला घ्या.

टॅक्सचं आधी बघू. ब्रिटनचं परिवहन खातं व्हीईएच 0120 नावाचा तक्ता दर तिमाहीला काढतं. त्यात मॉडेलवार दोन वेगळे आकडे असतात: टॅक्स चालू असलेल्या गाड्या आणि 'सॉर्न' केलेल्या, म्हणजे रस्त्यावर काढणार नाही असं मालकाने कळवलेल्या. असली गाडी लोक वर्षानुवर्षं गॅरेजात झाकून ठेवतात. मेसेजवाल्याने नेमका तोच आकडा गाळला. शिवाय सॉर्न आलं 1998 मध्ये. त्याआधीच उभी करून ठेवलेली आणि पुन्हा कधी टॅक्स न भरलेली गाडी दोन्हीकडे दिसत नाही. निर्यात झालेली गाडीही त्यात दिसत नाही, आणि आइल ऑफ मॅन किंवा चॅनल बेटांवर नोंदलेलीही दिसत नाही, कारण तिथली नोंदणी वेगळी. आणि नोंदणीच्या वेळी कुणी नुसतं 'सिएरा आरएस कॉसवर्थ' लिहिलं असेल, तर ती गाडी मोजली जाते भलत्याच ओळीत.

पण माझा खरा संताप लॉगबुकच्या वाक्यावर आहे, कारण त्यापायी माणूस आयुष्यभराची बचत घालवू शकतो. आरएस 500 ही शून्यापासून बांधलेली वेगळी गाडी नाही. 1987 मध्ये ॲस्टन मार्टिन टिकफर्डने तयार तीन-दरवाजी कॉसवर्थ घेऊन त्यांवर बदल केले: मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, जाड भिंतींचा ब्लॉक, चार जादा इंजेक्टर, मागे खाली दुसरा स्पॉयलर. यातलं बहुतेक सगळं साध्या कॉसवर्थवर चढवता येतं. आता समजा, अस्सल गाडी अपघातात चेपली. तिचं लॉगबुक शिल्लक राहतं. चेसिस नंबरचा पत्रा कापून दुसऱ्या गाडीच्या शेलमध्ये, म्हणजे सांगाड्यात, वेल्ड केला की सरकारदरबारी तीच गाडी जिवंत. तिकडे अशा गाडीला 'रिंगर' म्हणतात. म्हणजे गॅरेजात झाकलेल्या गाड्या नोंदीत कमी मोजल्या जातात आणि मेलेल्या गाड्या जास्त मोजल्या जातात. अशा आकड्याची पाचशेतून वजाबाकी करून काय हाती लागणार? लॉगबुक गाडीची ओळख सांगतं, ती ओळख त्याच पत्र्याची आहे हे सांगत नाही.

शर्यतींचा मुद्दा फारसा टिकत नाही. 'ग्रुप ए' या शर्यतींच्या वर्गाच्या नियमांसाठी पाचशे गाड्या बनवाव्या लागल्या हे खरं, पण ट्रॅकवरच्या अनेक सिएरा फोर्डच्या मोटरस्पोर्ट विभागाच्या रिकाम्या शेलवर बांधलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्टच्या शर्यतीत आपटलेली प्रत्येक सिएरा या पाचशेतून वजा होत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. बऱ्याच गाड्या खरोखर गेल्या. कॉसवर्थ ही त्या काळात चोरांची लाडकी गाडी होती, विमा परवडेनासा झाला होता, आणि चोरून पळवलेली गाडी बहुधा झाडावर नाहीतर सुट्या भागांच्या बाजारात संपायची. पाचशेच्या पाचशे शाबूत आहेत असं मीही म्हणत नाही.

अंदाज करायचाच, तर चेसिस नंबरवरून करा. दोन स्वतंत्र याद्या घ्या, समजा एक क्लबची आणि एक लिलावांची. पहिलीत 100 नंबर, दुसरीत 80, दोन्हींत सामाईक 40. शंभर गुणिले ऐंशी, भागिले चाळीस: अंदाज 200. हे आकडे फक्त रीत समजावण्यासाठी आहेत. आणि क्लबवालेच लिलावात जात असतील, तर सामाईक नंबर वाढून उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. कोपऱ्यात झाकलेली गाडी तर दोन्ही याद्यांना चुकवते.

भाच्याला एवढंच करायला लावलं: फ्लोअरवर ठोकलेल्या चेसिस नंबरचे आणि भोवतालच्या वेल्डिंगचे जवळून फोटो मागव, जुने एमओटी (तिकडच्या वार्षिक वाहन-तपासणीचे दाखले) आणि त्यांवरचे मैल जुळवून बघ. विक्रेत्याने अजून फोटो पाठवलेले नाहीत. टोकनही गेलेलं नाही.