मोजणी फेब्रुवारीत, गाव उसाच्या फडात

बीड जिल्ह्यातली गावं कागदावर लहान दिसतात, यात नवल ते काय? 2011 ची जनगणना झाली 9 ते 28 फेब्रुवारीला, साखर कारखान्यांच्या ऐन हंगामात. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूरकडच्या कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडप्यांची, बिऱ्हाडं दिवाळीच्या आगेमागे जातात, ती मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. आणि नियम असा, की मोजणीचा सगळा काळ जो घरी नाही तो त्या गावात धरायचाच नाही. जिथं असेल तिथं मोजायचा. म्हणजे बीडचा माणूस मोजला जाणार कोल्हापूर-सांगलीच्या फडातल्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, तेही प्रगणक तिथवर पोचला तर!

पुढचं सगळं याच आकड्यावर. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यातही 2011 चीच लोकसंख्या. सपाटीवरच्या वस्तीला 500 माणसं हवीत. तांड्याची 470 भरली की फाइल खाली. मग डांबर फाट्यापर्यंत, पुढं नुसता मुरूम. पहिल्या जोरदार पावसात काळ्या मातीत चाक रुततं, एसटी फाट्यावरूनच वळते. हिवाळ्यात गाडी येते, तर 'भारमान नाही', म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, म्हणून फेरी बंद. अहो, अर्धं गाव फडात असताना भारमान येणार कुठून?

आणि पुढची मोजणी? पुन्हा फेब्रुवारीच, 2027 चा. 'याआधी कुठं राहत होता' हे जनगणनेत विचारतातच. कोपीवर मिळालेलं ते उत्तर निदान या वेळी रस्त्यांच्या यादीपर्यंत आणा.