‘खरे ॲबोरिजिनल आता उरलेच कुठे?’ या दाव्याला उत्तर

मराठी व्हॉट्सॲप गटांमधून एक मजकूर फिरतो. शब्द बदलतात, सांगणं तेच असतं. ऑस्ट्रेलियातले खरे ॲबोरिजिनल, म्हणजे तिथले मूळनिवासी, जवळपास संपले. जे थोडे उरलेत ते वाळवंटात बूमरँग घेऊन राहतात. शहरातले उजळ वर्णाचे लोक सवलतींसाठी स्वतःला ॲबोरिजिनल म्हणवतात. त्यांना लिपी नव्हती म्हणजे साहित्य नव्हतं, आणि आता इंग्रजीत कविता लिहितात ते नुसतं रडगाणं. सरकारने माफी मागितली, आता विषय संपवा.

मला या मजकुराचा राग येतो. ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय, त्यांच्या कवींनी गेल्या साठ वर्षांत यातल्या एकेका वाक्याला उत्तर दिलंय, आणि मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांची एखादी तरी कविता वाचलेली असते.

‘संपले’ इथून सुरुवात करू. २०२१ च्या जनगणनेत ८ लाख १२ हजारांहून अधिक लोकांनी आपण ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट बेटवासी (देशाच्या उत्तर टोकाकडच्या बेटांवरचे मूळनिवासी) असल्याची नोंद केली, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ३.२ टक्के. हे ‘संपणं’ फार जुनं आहे. १८७६ मध्ये टास्मानिया बेटावरची ट्रुगनिनी ही ॲबोरिजिनल बाई वारली तेव्हा ‘शेवटची टास्मानियन’ गेली असं जगाला सांगण्यात आलं, आणि पुढे तिचा सांगाडा संग्रहालयात मांडला गेला. तो १९४७ पर्यंत लोक बघत होते. टास्मानियाचे पलावा लोक तेव्हाही जिवंत होते, आजही आहेत. माणसंच उरली नाहीत म्हटलं, की जमीन कोणाची हे कोणी विचारत नाही.

१९६४ मध्ये ‘वी आर गोइंग’ हा कवितासंग्रह आला. ॲबोरिजिनल कवीचं हे पहिलं छापील कवितेचं पुस्तक. कवयित्रीचं नाव तेव्हा कॅथ वॉकर, पुढे त्यांनी उडगेरू नूनुकल हे नाव घेतलं. शीर्षककवितेत माणसांचा एक छोटा जथा आपल्या जुन्या विधींच्या रिंगणापाशी परत येतो. तिथे आता इस्टेट एजंटची पाटी आहे: इथे कचरा टाकावा. ‘आम्ही चाललो आहोत’ अशी शेवटची ओळ आहे, आणि अनेकांनी तेवढीच धरून कविता निरोपाची ठरवली. मधल्या ओळींत मात्र हे लोक सांगतात की परके दिसतोय आम्ही, पण खरी परकी आहे ती गोरी जमात. याच कवयित्रीने १९६७ च्या सार्वमतासाठी देशभर सभा घेतल्या. ॲबोरिजिनल लोकांना जनगणनेत धरावं आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळावा, या बाजूने ९० टक्क्यांहून अधिक मतं पडली.

वाळवंट आणि बूमरँग हे दुकानातलं चित्र आहे. दर पाच ॲबोरिजिनल माणसांपैकी चाराहून अधिक शहरांत, गावांत आणि त्यांच्या आसपास राहतात, दूरच्या ओसाड भागात नाही. सॅम्युएल वॅगन वॉटसन यांच्या कवितेत ब्रिस्बेनचे रस्ते आहेत, डांबर आहे, धूर आहे. हे चित्र आलं कुठून, याचा माग कवयित्री एव्हलिन अरालुएन यांनी ‘ड्रॉपबेअर’ (२०२१) या संग्रहात काढलाय. त्या बंडजलंग वंशाच्या, वाढल्या पश्चिम सिडनीत, धरुग लोकांच्या भूमीवर. ऑस्ट्रेलियात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मे गिब्ज यांच्या गमनटच्या (निलगिरीच्या बोंडाच्या) बाळांच्या गोष्टी वाचून दाखवल्या गेल्या. त्यांत रान गोड असतं, प्राणी बोलतात, आणि त्या रानात हजारो वर्षं राहिलेली माणसं दिसत नाहीत. अरालुएन यांनाही या गोष्टी लहानपणी आईवडिलांनीच वाचून दाखवल्या होत्या. त्या गोष्टींवरची माया त्या नाकारत नाहीत, आणि ती माया कोणाला पुसून उभी आहे हेही सोडत नाहीत. या पुस्तकाला २०२२ चं स्टेला पारितोषिक मिळालं. त्या पारितोषिकासाठी कवितासंग्रह पात्र ठरवण्याचं ते पहिलंच वर्ष होतं.

आता सर्वांत विषारी दावा: उजळ कातडीचे खोटे, सवलतींसाठी आलेले.

कातडीचा हा हिशेब ॲबोरिजिनल लोकांनी मांडलेला नाही, तो सरकारी अधिकाऱ्यांनी मांडला. पूर्ण रक्ताचा, अर्धा, पाव अशा नोंदी ठेवल्या. १९३७ मध्ये कॅनबेराला राज्याराज्यांचे अधिकारी जमले आणि मिश्र वंशाच्या लोकांचं भवितव्य गोऱ्या समाजात विरून जाण्यात आहे असा ठराव त्यांनी केला. या विचाराखाली मुलं आयांपासून तोडून संस्थांत, मिशनमध्ये, गोऱ्या घरांत ठेवली गेली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाच्या अंदाजाप्रमाणे १९१० ते १९७० या काळात दर दहा मुलांपैकी एक ते दर तीन मुलांपैकी एक इतकी मुलं अशी नेली गेली. ज्यांचा वंश पुसण्यासाठी सरकारने हे केलं, त्यांच्या नातवंडांना आज विचारायचं, तुम्ही पुरेसे काळे का नाही? या प्रश्नाची मला चीड येते.

आली कॉबी एकरमन या यांकुनिचाचारा या ॲबोरिजिनल समाजातल्या कवयित्री. त्यांची आई लहानपणी घरापासून तोडली गेली होती, त्या स्वतः तान्ह्या असताना दत्तक गेल्या, आणि आई भेटली ती तिशी उलटल्यावर. ‘इनसाइड माय मदर’ (२०१५) मध्ये हे परतणं आहे. तिथे आई सापडते, पण मधली वर्षं सापडत नाहीत. नॅटली हार्किन या नरंगा कवयित्री आपल्या घरातल्या स्त्रियांवर सरकारने ठेवलेल्या फायली उघडतात. कोण कुठे कामाला ठेवली, कोणाला घरी जायची परवानगी हवी होती, हे त्या फायलींत असतं. हार्किन यांनी या कागदांच्या प्रतींच्या पट्ट्या करून टोपली विणली आणि त्याच सामग्रीतून ‘आर्काइव्हल पोएटिक्स’ लिहिलं.

कायद्याच्या बाजूनेही हा दावा टिकत नाही. सरकारी व्यवहारात ओळखीच्या तीन कसोट्या आहेत: वंश, स्वतःची ओळख आणि समाजाने दिलेली मान्यता. रंगाचा त्यात उल्लेख नाही. २००९ मध्ये एका स्तंभलेखकाने उजळ वर्णाच्या ॲबोरिजिनल लोकांनी फायद्यासाठी ही ओळख निवडली असं छापलं. नऊ जण न्यायालयात गेले. त्यांत विराडजुरी लेखिका आणि कवयित्री अनिता हाइस होत्या. २०११ मध्ये केंद्रीय न्यायालयाने त्या लेखांनी वंशभेदविरोधी कायद्याचा भंग झाल्याचा निकाल दिला. आपल्याकडे तेच लेख आता बारीक होऊन फॉरवर्डमध्ये फिरताहेत.

लिपीचं म्हणणं मराठी माणसाने तरी करू नये. जनाबाईंची ओवी जात्यावरच्या बायकांनी कागदाशिवाय सांभाळली. १७८८ मध्ये या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या, आणि लांबलचक गीतमालांमध्ये पाण्याच्या जागा, वाटा, नातेसंबंध, नियम असं सगळं साठवलेलं होतं. इंग्रजी आली ती मिशनमधून, मातृभाषेवर बंदी घालत. तिच्यात लिहिणं म्हणजे शरण जाणं नव्हे. क्वीन्सलँडच्या चेरबर्ग वसाहतीत जन्मलेले लायनेल फोगार्टी इंग्रजीचं व्याकरण मुद्दाम मोडतात, वाचणाऱ्या गोऱ्या माणसाला आपल्याच भाषेत अडखळायला लावतात. शारमेन पेपरटॉक ग्रीन यांनी ‘नगनाजुंगु यागु’ (२०१९) या संग्रहात आईच्या जुन्या पत्रांना कवितेतून उत्तरं दिली. १९७०च्या दशकाच्या शेवटी त्या पर्थच्या वसतिगृहात शिकत होत्या, आणि आई पत्रं लिहीत होती. त्या कवितांत वजारी आणि बदिमाया या ॲबोरिजिनल भाषांतले शब्द इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून बसतात.

‘नुसतं रडगाणं’ हे ऐकलं की सत्तरचं दशक आठवायला हवं. दलित कवितेलाही हेच ऐकवलं गेलं: आक्रोश आहे, कविता कुठे आहे? उडगेरूंच्या पहिल्या पुस्तकालाही तिकडच्या काही समीक्षकांनी कविता मानलं नाही, प्रचार म्हटलं. पण समजा, तक्रार नसलेलीच कविता घेतली, तर? २०१७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या बारावीच्या इंग्रजीच्या परीक्षेत एलेन व्हॅन नीरवेन यांची ‘मँगो’ ही छोटी कविता आली. बालपण आणि आंबा, एवढाच तिचा ऐवज. त्यात कोणावर आरोप नाही, कोणाकडे मागणी नाही. परीक्षा संपताच विद्यार्थ्यांनी कवीला शोधून वंशद्वेषी शिव्या आणि चित्रं पाठवली. म्हणजे अडचण रडण्याची नव्हतीच. ॲबोरिजिनल माणसाने आंब्याबद्दल लिहावं आणि ते आपल्याला अभ्यासावं लागावं, हेच सहन झालं नाही. त्याच कवीच्या ‘थ्रोट’ला २०२१ मध्ये त्याच राज्याचा वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा सन्मान मिळाला.

ॲलिसन व्हिटेकर या गोमेरॉई कवयित्री कायद्याच्या अभ्यासक आहेत. ‘ब्लॅकवर्क’ (२०१८) मधल्या काही कविता त्यांनी न्यायालयीन कागदपत्रांत पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दांतून रचल्या. कवीने स्वतःचा हुंदका घातलेला नाही, शासनाचीच भाषा समोर ठेवली आहे, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो.

राहिली माफी. पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली, ती मुलं तोडल्याबद्दल. कोठडीतल्या मृत्यूंच्या चौकशी आयोगाचा अहवाल १९९१ चा आहे, आणि त्यानंतर पाचशेहून अधिक ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटवासी कोठडीत मेले. २०२३ मध्ये संसदेला सल्ला देणारं त्यांचं एक मंडळ घटनेत आणण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतांनी फेटाळला गेला. विषय कोणासाठी संपला?

२६ जानेवारीला सिडनी-मेलबर्नमधली आपली मंडळी प्रजासत्ताक दिनाचा तिरंगा फडकवतात, तो जरूर फडकवावा. त्याच तारखेला १७८८ मध्ये इंग्रजांनी सिडनीत झेंडा रोवला, आणि १९३८ मध्ये त्याच दिवशी ॲबोरिजिनल नेत्यांनी सिडनीत शोकदिन पाळला. १९८८ च्या द्विशताब्दीच्या निषेधार्थ उडगेरूंनी राणीने दिलेली एमबीई पदवी परत केली. कवी केविन गिल्बर्ट यांनी १९८८ मध्येच आपल्या लोकांच्या कवितांचं मोठं संकलन छापलं आणि त्यासाठी जाहीर झालेला मानवाधिकार पुरस्कार नाकारला. २६ जानेवारीच्या ‘ऑस्ट्रेलिया डे’ या राष्ट्रीय दिवसाच्या जेवणाला बोलावणं आलं, तर जाण्याआधी या दोघांची एकेक कविता वाचावी, आणि फॉरवर्ड आला तर पाठवणाऱ्यालाही ती पाठवावी.