बल्लारपूर म्हणजे नुसतं जंक्शन नाही

"बल्लारशाह ना? तिथं गाडी बराच वेळ थांबते." गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचं हेच उत्तर ठरलेलं. दिल्ली-चेन्नईच्या लाइनवर आमची ओळख बाटली भरून घ्यायचं स्टेशन, बस्स. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

गाव बल्लारपूर, स्टेशन बल्लारशाह. स्टेशनच्या नावात आमचा गोंड राजा आहे, खांडक्या बल्लाळशाह. वर्धेच्या काठी त्यानं किल्ला बांधला, मग राजधानी चंद्रपूरला नेली. तिथल्या झरपट नदीच्या पाण्यानं अंगावरची खांडकं बरी झाली म्हणून तो तिकडे गेला, ही गोष्ट आमच्याकडे घरोघरी आज्या सांगतात.

वरोऱ्याची कोळशाची खाण 1906 साली बंद पडली आणि त्याच सुमारास इथला कोळसा निघू लागला. 1929 मध्ये तेलंगणातल्या काझीपेटची लाइन जोडली गेली, पुढे पेपर मिल आली, 1973 मध्ये खाणी सरकारी झाल्या. नदीपलीकडे राजुरा, सास्ती. तो 1948 पर्यंत निजामाचा मुलूख! जमिनीखालचा कोळसा मात्र नदीला कधी जुमानला नाही.

माणसंही तशीच. बाबांच्या खाणीतल्या पाळीत तेलुगू, छत्तीसगढी, गोंडी, मराठी, सगळे एकत्र. डबे उघडले की कुणाचं आंबट पप्पू म्हणजे तेलुगू वरण, कुणाची जवसाची चटणी. बाबा रातपाळीहून आले की चांगली आंघोळ करूनही डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या राहायच्या.

खाणीत खाली काम सुरू करायच्या आधी छत काठीनं ठोकून बघतात. ठणठणीत वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर मागे व्हायचं. कॉलनीत नवीन क्वार्टर मिळालं त्या दिवशी आईनं चूल मांडण्याआधी बाबांनी खोलीखोलीतून छत ठोकत फेरी मारली होती. आम्ही पोरं हसलो. आज त्याची आठवण आली की गळा दाटून येतो.

ज्या माणसांनी हे गाव उभं केलं, त्यांची एकही वस्तू गावात नीट मांडून ठेवलेली मला दिसत नाही. किल्ल्याजवळ एखादी खोली मिळाली तरी पुरे. राजाचा इतिहास आणि खाणीचा इतिहास शेजारी शेजारी असू दे. टोपीवरचे दिवे, कमरेच्या बॅटऱ्या, पाळीचे फोटो कित्येकांच्या घरी माळ्यावर पडून असतील, ते भंगारात जायच्या आत गोळा करू या. कुणी पुढाकार घेणार असेल तर सांगा. बाबांची काठी द्यायला मी तयार आहे.