‘श्रेयांक मिळणारी सहल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

कोस्टा रिकातल्या अभ्यासदौऱ्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तिच्यातल्या काही मुद्द्यांवर बोलण्याआधी मला माझ्याच टिपणवह्या पुन्हा काढून बसावे लागले. ज्यांनी मूळ लेख किंवा आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इलिनॉयमधल्या ज्या विद्यापीठात मी शिकवते, तिथून दर उन्हाळ्यात पदवीचे सोळा विद्यार्थी ‘शाश्वत विकास’ या विषयाच्या छोट्या अभ्यासक्रमासाठी कोस्टा रिकाला जातात, आणि त्यांच्यासोबत जाण्याचे यंदा माझे तिसरे वर्ष होते. आपले म्हणणे असे की ही ‘श्रेयांक मिळणारी सहल’ आहे. शाश्वततेचा धडा घ्यायला विमानाने जाणे हाच एक विनोद आहे. मी दिलेला विजेचा आकडा फसवा आहे. तीन आठवड्यांत कुठल्याही गावाचे पाणी कळत नाही, हे आपण पाणलोटाच्या कामातल्या वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगता. आणि पाण्याचे नियोजन करणारे हिवरे बाजार व आपले जंगल राखणारे मेंढा-लेखा ही गावे घरात असताना मराठीत कोस्टा रिकाचे कौतुक कशाला, असेही आपण विचारले आहे.

विजेच्या आकड्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘हा देश जवळजवळ पूर्णपणे स्वच्छ ऊर्जेवर चालतो’ असे मी लिहिले होते. खरे एवढेच की २०१५ पासून बहुतेक वर्षी तिथल्या विजेपैकी ९८ टक्क्यांच्या आसपास वीज जल, भूऔष्णिक, पवन अशा स्रोतांतून आली. पण वीज म्हणजे ऊर्जा नव्हे. देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेत निम्म्याहून जास्त वाटा आयात केलेल्या तेलाचा आहे, आणि तो जळतो मोटारी, मालट्रक व बसगाड्यांत. राजधानी सान होसेच्या संध्याकाळच्या वाहतूककोंडीत आमची डिझेलची बस तासभर अडकलेली असताना मी विद्यार्थ्यांना नेमके हेच समजावून सांगत होते, आणि तरीही घरी येऊन लेख लिहिताना ते वाक्य माझ्या हातून गेले. त्या ९८ टक्क्यांतही सुमारे सत्तर टक्के वीज पाण्याची, म्हणजे पावसाच्या भरवशावरची. एल निनोनंतर २०२४ मध्ये धरणे इतकी उतरली की मे महिन्यात वीजकपात जाहीर करावी लागली. पाऊस वेळेवर आला म्हणून ती टळली, मात्र त्या वर्षी तेलावरची जनित्रे बरीच चालवावी लागली.

या संदर्भात आपण कोयनेचे नाव घेतलेत ते अस्थानी नाही. १९६० मेगावॅटच्या कोयनेपुढे २०१६ मध्ये सुरू झालेले रेव्हेंतासोन धरण ३०५ मेगावॅटचे, म्हणजे लहानच. पण बुडीत जमिनीचा प्रश्न आकाराने लहान होत नाही. दक्षिणेकडच्या तेर्राबा नदीवर सुमारे ६५० मेगावॅटचा दिकीस प्रकल्प योजला होता. त्यात आदिवासींच्या राखीव प्रदेशातली जमीन जाणार होती आणि त्यांना विचारण्यात आलेले नव्हते. २०११ मध्ये आदिवासींच्या हक्कांविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक जेम्स अनाया यांनी तिथे जाऊन पाहणी केली आणि सल्लामसलतीचा आग्रह धरला. अखेर २०१८ मध्ये तिथल्या सरकारी वीज संस्थेने प्रकल्प सोडून दिला, तेही मुख्यतः खर्च आणि विजेची घटलेली मागणी ही कारणे देऊन. कोयनेच्या विस्थापितांची तिसरी पिढी अजून अर्ज घेऊन फिरते आहे, हे आपल्याला मी सांगायला नको.

विमानाबद्दल मी वाद घालणार नाही, हिशेब मांडते. शिकागो ते सान होसे हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन दर विद्यार्थ्यामागे ढोबळमानाने सहाशे-सातशे किलो कार्बन डायऑक्साइड होतो. भारतातल्या माणसाचे वर्षभराचे सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास असते, तेव्हा आमचा एकेक विद्यार्थी दोन उड्डाणांत त्याचा तिसरा हिस्सा खर्चून येतो. विद्यापीठ यासाठी कुठे तरी झाडे लावण्याचे पैसे भरते, पण ती रक्कम मी या हिशेबात वजा करत नाही, कारण का करत नाही हेच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवायचे असते. या खर्चाच्या बदल्यात काय मिळाले याचा आकडा माझ्यापाशी नाही. पहिल्या वर्षी आम्ही चौदा दिवसांत अकरा ठिकाणे पाहिली आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत बसच्या खिडकीपलीकडचे काही उतरले नाही. ती सहलच होती, आपला शब्द मला मान्य आहे. त्यानंतर दिवस एकवीस केले आणि ठिकाणे चारच ठेवली. मॉन्तेव्हेर्देच्या ढगांच्या जंगलात तारेवरून लटकत जाण्याचा एक मोकळा दिवस अजूनही असतो. तो काढून टाकण्याचा माझा प्रस्ताव विद्यार्थ्यांनी नव्हे, विद्यापीठाच्या परदेशी अभ्यास कार्यालयाने फेटाळला, कारण माहितीपत्रकावर छायाचित्र त्याचेच असते.

‘तीन आठवड्यांत काय कळणार’ या प्रश्नावर मात्र मला थोडे विस्ताराने बोलायचे आहे. बहुतेक विद्यार्थी जंगलाची एक गोष्ट पाठ करून येतात. १९४० च्या दशकात देशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. १९८० च्या दशकात तो एक-चतुर्थांशाच्या आसपास आला. मग १९९६ चा वनकायदा झाला, १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार मोबदला देऊ लागले, त्यासाठी इंधनावरच्या कराचा साडेतीन टक्के हिस्सा बाजूला काढला गेला, आणि आज पुन्हा निम्म्याहून अधिक देश हिरवा आहे. कार्बन, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य या चार सेवांचे दाम मोजणारा कायदा म्हणून त्याचे जगभर नाव झाले, आणि ते अगदीच अनाठायी नाही. माझ्या लेखातही मी हीच गोष्ट, याच क्रमाने, सांगितली होती.

पण विद्यार्थी एका दूधउत्पादक शेतकऱ्याच्या रानात गेले तेव्हा त्याने काही वेगळे दाखवले. त्याने मोबदल्यासाठी नोंदवलेला तुकडा हा डोंगराचा असा उतार होता की तिथे त्याच्या वडिलांच्या वेळेपासून गायी घसरत. तिथे चराई त्याने आधीच सोडली होती आणि झाडे आपोआप उगवली होती. पुढे योजना आली, त्याने अर्ज केला. काही वर्षांपूर्वी हा मोबदला हेक्टरी वर्षाला साधारण ६४ डॉलर होता. खाली सपाटीवरच्या जमिनीचा तुकडा तो या योजनेत घालेल का, असे एका मुलीने विचारले, तेव्हा तो हसला. सपाट जमीन अननसाच्या कंपनीला खंडाने दिली तर त्याच्या कितीतरी पट पैसे मिळतात. म्हणजे मोबदला बहुधा तिथेच जातो जिथे जंगल तसेही वाचणार होते. हा आक्षेप अर्थतज्ज्ञांनी फार पूर्वी नोंदवला आहे आणि आमच्या वाचनाच्या यादीतही तो होता, पण निघण्यापूर्वीच्या सहा आठवड्यांत तो एकाही विद्यार्थ्याच्या निबंधात आला नव्हता.

मग जंगल परतले कशाने? १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेला गोमांस पाठवण्यासाठी स्वस्त कर्जे मिळत आणि झाडे तोडणे ही जमिनीची ‘सुधारणा’ समजली जाई. १९८० च्या दशकात देश कर्जाच्या गर्तेत गेला, मांसाचे भाव पडले, कर्जे आटली, आणि वायव्येकडच्या ग्वानाकास्ते प्रांतातली कुरणे ओस पडू लागली. राष्ट्रीय उद्यानांचे काम १९७० पासून चाललेच होते. कायदा आला तोवर झाडे उगवू लागली होती. जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यावर कायद्याने घातलेली बंदी फार महत्त्वाची आहे, किंबहुना माझ्या मते मोबदल्याहून अधिक; पण गोष्टीचा क्रम बदलला की श्रेयाची वाटणीही बदलते.

त्याच कायद्याच्या हिशेबात न बसणारी बाजू कॅरिबियन उतारावर, सिकिर्रेस भागात दिसते. ताज्या अननसाच्या निर्यातीत कोस्टा रिका जगात पहिला आहे. जुनी कुरणे अननसाखाली गेली तर वनक्षेत्राच्या आकड्यात काहीच हलत नाही, कारण तिथे मोजण्यासारखे जंगल आधीच नव्हते. हलते ते जमिनीखालचे पाणी. मिलानो आणि एल काइरो या गावांच्या पाण्यात २००३ पासून ब्रोमॅसिल या तणनाशकाचे अंश सापडत गेले, २००७ पासून तिथे टँकरने पाणी येऊ लागले आणि हे टँकर अनेक वर्षे चालले. ब्रोमॅसिलवर बंदी आली ती २०१७ मध्ये. जगाला पर्यावरणाचा धडा देणाऱ्या देशात, जंगलाच्या मोबदल्याचे धनादेश निघत होते त्याच काळात, ही गावे टँकरची वाट पाहत होती.

तिथल्या एका गावच्या पाणी समितीत काम केलेल्या बाईंनी आमच्यासमोर तपासणी अहवालांची फाइल ठेवली. त्या दर वर्षी असे तीन-चार गट पाहतात. दोन तासांनंतर त्या उठल्या, कारण त्यांना नातवाला शाळेतून आणायचे होते. आपले म्हणणे इथे अगदी खरे ठरते: आम्हाला त्यांचे पाणी कळले नाही, त्यांची फाइल कळली. पहिल्या वर्षी अशा वेळेचा मोबदला म्हणून विद्यापीठाने भेटवस्तूंची पिशवी दिली होती, हे मला आजही लाज वाटावे असे आठवते. आता समितीच्या नावे ठरलेली रक्कम जाते, आणि ती मार्गदर्शकाच्या दिवसभराच्या फीइतकी असावी असा नियम आम्ही करून घेतला आहे.

गुण कशावर दिले जातात, हेही आपण विचारले आहे. विद्यार्थी पहिल्या दिवशी दोन पानांत लिहून देतात की या देशाने काय साधले आणि कसे. शेवटच्या दिवशी तीच दोन पाने त्यांना परत मिळतात, आणि त्यातले कुठले विधान आता मागे घ्यावे लागते, कुणाच्या सांगण्यावरून किंवा कुठल्या कागदावरून, हे त्यांनी लिहायचे असते. एकही विधान मागे न घेणाऱ्याला फार तर उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळतात. यंदा सोळापैकी अकरा जणांनी जंगलाच्या गोष्टीचा क्रम दुरुस्त केला आणि चौघांनी वीज व ऊर्जा यांतली गल्लत. उरलेला एक जण ठाम राहिला; त्याची कारणे चांगली होती, म्हणून माझाच नियम मी त्याच्यासाठी मोडला.

राहता राहिले हिवरे बाजार आणि मेंढा-लेखा. या दोन्हींविषयी मी लिहिले नाही, कारण तिथे मी काम केलेले नाही. पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आमची बस हिवरे बाजारला तीन तास थांबली होती. आम्ही फलक वाचले, चहा घेतला आणि परतलो. परदेशी नव्हती, पण तीही सहलच होती. तरीही आपण केलेली तुलना मी वर्गात नेणार आहे, कारण ती मोबदल्याच्या कल्पनेच्या मुळाशी जाते. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचे आणि उसासारखी पाणीखाऊ पिके टाळण्याचे ठरवले, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. तिथे संयमासाठी हेक्टरी दाम कुणी दिले नाहीत. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कोस्टा रिकाच्या योजनेत मोबदला मिळतो तो जमिनीचे कागद ज्याच्या नावे त्याला. आदिवासी प्रदेशांना तो सरकारमान्य विकास संघटनांमार्फत मिळतो, आणि या संघटना आपले प्रतिनिधित्व करतात का, यावरून तिथे जुने भांडण आहे. आपली ग्रामसभा आणि त्यांची विकास संघटना यांच्यातला हा फरक इलिनॉयच्या मुलांना सांगायला मला आवडेल, मात्र त्यासाठी आपल्यासारख्या माणसाची मदत लागेल. आपण उल्लेख केलेला पाण्याच्या ताळेबंदाचा तक्ता पाठवाल का?

मूळ लेखातले ‘हा देश जवळजवळ पूर्णपणे स्वच्छ ऊर्जेवर चालतो’ हे वाक्य आज काढले आहे. त्याजागी ‘या देशाची बहुतेक वीज नवीकरणीय स्रोतांतून येते, वाहने मात्र आयात तेलावर चालतात’ असे घातले आहे, आणि जंगलाविषयीच्या परिच्छेदात १९८० च्या दशकातील मांसाच्या बाजाराचा उल्लेख जोडला आहे. दोन्ही बदलांखाली तारीख आणि आपल्या प्रतिक्रियेचा निर्देश आहे.