खुलासा : ‘मुलं पळवणारी टोळी’ हा मेसेज पुढे पाठवू नका

“मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे, अनोळखी दिसला की आधी धरा” असा मेसेज खान्देशातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात ना गावाचं नाव, ना तारीख, ना पोलीस ठाणं. यावर विश्वास ठेवू नका.

याच अफवेने आपल्याच धुळे जिल्ह्यात माणसं मारली आहेत. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जमावाने जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्या वर्षी देशभर फिरलेला अपहरणाचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेला होता. हे सगळं नाटक आहे हे उघड करणारा जाहिरातीचा शेवटचा भाग मुद्दाम काढून टाकला होता.

संशय आला तर ११२ ला फोन करा, हात उगारू नका.

आणखी एक गैरसमज : मूल हरवलं तर चोवीस तास थांबावं लागतं. अजिबात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा. ताबडतोब ठाण्यात जा, अलीकडचा फोटो न्या. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक पोरांकडून पाठ करून घ्या.

आणि मुलांचं लैंगिक शोषण करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. म्हणून नुसतं “अनोळखी माणसाशी बोलू नको” एवढ्यावर थांबू नका. नातेवाईक असो, शेजारी असो की रिक्षावाले काका, नकोसा स्पर्श झाला तर घरी येऊन सांगायचं, कुणी रागावणार नाही, हे मुलांना आजच सांगा.