इंडिया गेटवरची ती ९५,३०० नावं

गावच्या ग्रुपवर भाच्याने पुन्हा तोच मेसेज टाकला. दिल्लीच्या इंडिया गेटवर म्हणे ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलीत: मुसलमान ६१,३९५, शीख ८,०५०, मागासवर्गीय १४,४८०, दलित १०,७७७, सवर्ण ५९८. बेरीज करून पाहिली. ती मात्र चोख जुळते.

मुळात ती नावं स्वातंत्र्यसैनिकांची नाहीतच. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेतले सुमारे ७४,००० जवान कामी आले, त्यांच्यासाठी इंग्रजांनी बांधलेलं हे स्मारक. भिंतींवर नावं आहेत ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. त्यांत गोरे अधिकारीही आहेत. फ्रान्समध्ये पडलेल्यांची नावं न्यू शापेलला, इराकात पडलेल्यांची बसऱ्याला. आपल्याविरुद्ध लढून मेलेल्यांची नावं इंग्रज सरकार राजधानीत कोरून ठेवील का?

सालं तरी बघा. पायाभरणी १९२१ ची, उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ चं. त्याला चाळीस दिवसही झाले नव्हते तेव्हा भगतसिंग फासावर गेले. आपल्या नंदुरबारचा शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले ते ९ सप्टेंबर १९४२ ला. त्यांची नावं शोधायची तर नंदुरबारच्या हुतात्मा स्मारकावर.

आकडाही फुगवलेला. कोरलेली नावं १३,००० च्या थोडी वर आहेत.

आता धर्म-जातीची वाटणी. आमच्या गावात शाळेजवळ शहीद जवानाचं स्मारक आहे, काळ्या ग्रॅनाइटचं. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं आणि १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी निवृत्त सुभेदार आबा नारळाच्या काथ्याने ते घासतात. अक्षरं वर येतात: हुद्दा, नाव, पलटण, तारीख. मी त्यांना हा मेसेज वाचून दाखवला. काथ्या न थांबवता म्हणाले, "दगडवर कोनी जात कोरस का रे भो?" इंडिया गेटवरही तसंच, हुद्दा, नाव, पलटण. मग 'मागासवर्गीय १४,४८०' हे मोजलं कोणी, आणि कशावरून? मुसलमान शिपायांची नावं तिथे भरपूर आहेत, स्वातंत्र्यलढ्यातही मुसलमान होतेच. त्यासाठी खोट्या यादीची गरज काय, हे मला कळत नाही.

मेसेजच्या शेवटी 'त्यांच्यासाठीच तिथे अमर जवान ज्योत जळते' अशी पुस्ती होती. ती ज्योत १९७१ च्या युद्धातल्या जवानांसाठी २६ जानेवारी १९७२ ला पेटली, आणि जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नेली.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. भाच्याने मेसेज काढून टाकला. तोवर तो आणखी तीन ग्रुपवर जाऊन आला होता.