घाम फुटणं म्हणजे विष बाहेर पडणं नव्हे, आत्या

आमराईतल्या बाकावर आत्या बसली होती तेव्हा चपला तिच्या हातात होत्या आणि पदर घामानं भिजला होता. रोज फिरायला येणाऱ्या एका काकूंनी तिला नाव विचारलं, तर तिला स्वतःचं नाव सांगता येईना. त्या काकूंच्या यजमानांना मधुमेह आहे, म्हणून त्यांच्या लगेच लक्षात आलं. जवळची ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून त्यांनी तिला घोट घोट पाजली आणि मग घरी फोन केला. आतेभावानं जाऊन मोजली तेव्हा साखर ५८ होती. पाजण्याआधी किती असेल, याचा विचार मला करवत नाही.

आत्याच्या पर्समध्ये खडीसाखर होती. पुडी उघडलेलीसुद्धा नव्हती.

आत्या ६७ वर्षांची आहे. नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन घेते, म्हणजे जलद आणि संथ एकत्र. नाश्ता करून, तासाभरानं फिरायला जायची, कधी काही झालं नाही. मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज आला. सकाळी इन्सुलिन घ्या आणि काहीही न खाता लगेच ४५ मिनिटं भरभर चाला, म्हणजे साखर दुप्पट जळते. चालताना घाम सुटला, थरथरलं, अंधारी आली तर घाबरू नका, ते शरीरातलं विष बाहेर पडतंय. थांबू नका, गोड तर मुळीच खाऊ नका. साखर ३०० च्या वर असेल तर आणखी जोरात चाला. गवतावर अनवाणी चाला. असं २१ दिवस केलं की इन्सुलिन कायमचं सुटतं. शेवटी, प्रत्येक मधुमेही व्यक्तीपर्यंत पोचवा.

लोकांनी पोचवलं. मलाच तो तीन ठिकाणांहून आला. मी अकराव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे आणि आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन खेळते, त्यामुळे "तुला उपयोगी पडेल" म्हणून पाठवणारेही निघाले. त्यांना एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहिते.

आधी ते विषाचं. बाकीचं सगळं चुकीचं असलं तरी त्यातून माणूस वाचू शकतो. हे वाक्य मात्र थेट जिवावर उठणारं आहे.

इन्सुलिन घेणाऱ्याला चालताना अचानक गार घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, पोटात भुकेचा खड्डा पडतो, तेव्हा रक्तातली साखर खाली चाललेली असते. साखर घसरली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, मज्जातंतूही खडबडून जागे होतात, आणि ही सगळी लक्षणं त्या दोन्हींची आहेत. शरीर हाक मारतंय, काहीतरी गोड दे म्हणून. ती हाक ऐकली नाही तर पुढची पाळी मेंदूची. मेंदू जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजवर चालतो. साखर ७० च्या खाली गेली की उपाय करायचा असतो. ५४ च्या खाली गेली की बोलणं अडखळतं, माणूस भलतंच बोलतो, चिडतो, वाट चुकतो. त्याहून खाली झटके आणि बेशुद्धी. आत्याला नाव आठवलं नाही ते वयामुळे नव्हे. "विष बाहेर पडतंय" म्हणत ती आणखी दोन फेऱ्या चालली होती, त्यामुळे.

त्या क्षणी करायचं ते एवढंच. थांबायचं, बसायचं, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं. ग्लुकोज नसेल तर साखर, तीन-चार लहान चमचे, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, लाडू, चॉकलेट नको. त्यातलं तूप नि स्निग्धांश साखर रक्तात पोचायला उशीर लावतात. आणखी एक, जे औषधाच्या दुकानातही सहसा कुणी सांगत नाही: तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण साखर फोडायचं कामच ती गोळी मंदावते. अशांनी ग्लुकोजच जवळ ठेवावं. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना गाठा.

ज्यांना बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी गोळी, चालू आहे त्यांना धडधड आणि थरथर बऱ्याचदा जाणवतच नाही, घाम तेवढा येतो. म्हणजे त्यांच्याकडे इशारा म्हणून जे मुख्य लक्षण उरतं, त्यालाच या मेसेजनं विष ठरवलं. हे ज्यानं लिहिलं त्यानं इन्सुलिनची सुई कधी हातात धरली असेल असं मला वाटत नाही.

आता इन्सुलिन घेऊन उपाशी चालणं. ज्याला मधुमेह नाही तो चालू लागला की त्याचं स्वादुपिंड आपोआप इन्सुलिन कमी करतं आणि यकृत साठवलेली साखर सोडतं. टोचलेल्या इन्सुलिनला तुम्ही चालताय हे कळत नाही. ते आपलं काम करत राहतं, यकृताला साखर सोडू देत नाही, आणि तिकडे स्नायू तर इन्सुलिनशिवायही साखर ओढत असतात. आत्याच्या मिक्समधला जलद भाग अर्ध्या तासात सुरू होतो, दोन ते चार तासांत त्याचा जोर असतो. तो नाश्त्यासाठी घेतलेला असतो. नाश्ताच नसेल तर साखर भराभर जळते हे खरंच, पण ती जळून कुठे जाते ते आमराईत दिसलं.

अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजानं. सकाळी जेवणाचं इन्सुलिन घेण्याआधी, रिकाम्या पोटी केलेल्या व्यायामात साखर घसरायचा धोका दिवसातल्या इतर वेळांपेक्षा कमी असतो. टाइप १ च्या, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवत नाही अशा माझ्यासारख्या लोकांबद्दल हे तज्ज्ञांनी नोंदवलेलं आहे. पण इंजेक्शनच्या आधी आणि नंतर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मेसेजनं नेमका तोच उलटा केलाय.

हे तज्ज्ञ म्हणजे कोण? टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले मायकेल रिडेल आणि त्यांच्यासोबत अनेक देशांतले डॉक्टर. २०१७ साली लॅन्सेटच्या मधुमेहावरच्या नियतकालिकात त्यांचं एकमताचं निवेदन आलं. मी खेळायला जाताना अजून त्याच आकड्यांवर चालते. सुरुवातीला साखर १२६ ते १८० च्या दरम्यान असावी. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज आणि ९० च्या वर जाईपर्यंत थांबायचं. व्यायामाच्या आधीच्या दीड तासात जेवण असेल तर त्या जेवणाच्या इन्सुलिनचा डोस किती उतरवायचा, २५ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत, हे व्यायाम किती जोराचा आणि किती वेळ यावर. आदल्या २४ तासांत दुसऱ्याची मदत लागेल इतकी साखर घसरली असेल तर त्या दिवशी व्यायामच नाही. निवेदन टाइप १ साठी आहे, आत्याला टाइप २ आहे (इन्सुलिन बनतं, पण पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही), त्यामुळे तिचे डोस तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण ९० च्या खाली असताना आधी काही खा, हे टाइप २ मध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांनाही अमेरिकन डायबेटीस असोसिएशन सांगते.

त्याच निवेदनात ३०० च्या मुद्द्याचंही उत्तर आहे. नुकतंच जेवण झालेलं नसताना साखर २७० च्या वर असेल तर आधी कीटोन तपासा, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं. रक्तातले कीटोन १.५ मिलिमोल किंवा त्याहून जास्त असतील तर व्यायाम बंद. कारण अशा वेळी शरीरात इन्सुलिनच कमी पडलेलं असतं. जोरात धावलात तर साखर आणि कीटोन दोन्ही वाढतात. मळमळ, उलटी, पोटदुखी असेल तर चालायला नव्हे, दवाखान्यात जायचं.

अनवाणी चालण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या अनेकांच्या पायांची संवेदना जाते, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते, आणि पुढे कधी बोट किंवा पाऊल कापावं लागतं. बूट-मोजे घाला, आल्यावर तळवे बघा.

आणि २१ दिवस. टाइप २ मध्ये वजन उतरलं, व्यायाम टिकला तर इन्सुलिन कमी होतं, काहींचं थांबतंही. ते डॉक्टर करतात, साखरेचे आकडे बघत, हळूहळू. टाइप १ मध्ये मात्र इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी माझ्यासारखी मुलं उपाशी ठेवूनही जगत नसत. हा मेसेज एखाद्या टाइप १ च्या मुलाच्या आजीनं खरा मानला तर काय होईल? वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह निघाला. तो इन्सुलिन घेत २००३ पर्यंत पाकिस्तानकडून वेगवान गोलंदाजी करत राहिला. व्यायामासाठी इन्सुलिन सोडावं लागत नाही.

आत्या आता पुन्हा फिरायला जाते, नाश्त्यानंतर, बूट घालून. पण येत्या पौर्णिमेला मंडळाबरोबर पायी नरसोबाच्या वाडीला जायचं तिच्या मनात आहे, आणि मला काळजी चालण्याची कमी, रात्रीची जास्त आहे. इतकं चालल्यावर स्नायू रिकामे झालेले साठे भरायला पुढचे २४ तास, कधी त्याहूनही जास्त वेळ साखर ओढत राहतात, आणि झोपेत घाम आलेला कळत नाही. म्हणून त्या दिवसाचा सकाळचा आणि संध्याकाळचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून आणलाय, मीटर तिच्या पिशवीत आहे, आणि झोपताना साखर १०० च्या खाली दिसली तर काय खायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. पहाटे तीनचा गजर मी लावणार आहे, तिला फोन करून मोजायला सांगायला.